कळ थांबली, पण दात वाचला का?

मैत्रिणींनो, आपल्या घरात दुखण्यांचाही मानपान असतो, नाही का? कर्त्या पुरुषाचा ताप पहिला, मुलांचा खोकला दुसरा, सासूबाईंचे गुडघे तिसरे, आणि घरच्या बाईचा दात सर्वांत शेवटी! तो रात्री ठणकतो, लवंग धरली की पहाटे जरा निवतो, आणि मग पाणी, डबे, शाळा, रान यांच्या धांदलीत त्याची आठवणच राहत नाही.

शिरूर आणि दौंड ही आमच्या भागातली दोन तालुक्याची गावं. घोड नदीकाठचं शिरूर पुणे-नगर रस्त्यावर, जुनी माणसं त्याला अजून घोडनदीच म्हणतात. भीमेकाठचं दौंड म्हणजे रेल्वेचं मोठं जंक्शन. पूर्वी अशा गावांतून दाताची कळ असह्य झाली की इलाज एकच, दात उपटायचा. आता दोन्हीकडे दातांचे दवाखाने आहेत आणि ‘रूट कॅनाल’ हा शब्द बाजाराला आलेल्या आजीबाईंच्याही तोंडी ऐकू येतो. पण खुर्चीत बसल्यावर आपण मागतो काय? “डॉक्टर, एवढी कळ थांबवा.” ही मागणी झाली कळ घालवण्याची, दात वाचवण्याची नव्हे. हा फरक ध्यानात आला नाही तर पैसेही जातात आणि दातही.

ठणका कशाचा?

दाताच्या कठीण कवचाच्या आत मऊ गर असतो. त्यात शिरा आणि रक्तवाहिन्या असतात. कीड गरापर्यंत पोचली की तो सुजतो, पण चहूबाजूंनी भिंती टणक, सुजेला पसरायला जागा नाही. म्हणून तर एवढा ठणका! थंड पाण्याने क्षणभर झिणझिणून लगेच थांबत असेल, तर बहुधा खड्डा भरून भागतं. पण पाण्याचा पेला खाली ठेवल्यावरही कळ रेंगाळत असेल, झोपेतून उठवत असेल, तर गरापर्यंत मजल गेली असं समजावं.

आणि फसगत इथेच होते. कधीकधी हा ठणका आठ-दहा दिवसांनी आपोआप थांबतो. आपण म्हणतो, “सुटले बाई!” पण ती कळ थांबलेली असते आतला गर मेल्यामुळे. जंतू मात्र मुळाशी ठाण मांडून बसतात आणि काही महिन्यांनी हिरडीवर पुवाची पुळी येते.

अर्ध्यावर सोडलेलं काम

रूट कॅनालमध्ये होतं काय, तर भूल देऊन दात वरून कोरतात, खराब गर काढतात आणि मुळातल्या बारीक नळ्या सुईएवढ्या कानशींनी घासून, जंतुनाशक औषधाने धुऊन स्वच्छ करतात. पुढच्या दाताला बहुधा एक नळी, दाढेला तीन-चार. मग त्या नळ्या गटापर्चाने भरून बंद करायच्या. गटापर्चा म्हणजे मलायाकडच्या झाडांचा चीक, एकेकाळी समुद्राखालच्या तारायंत्राच्या तारांवर याचंच वेष्टण असे. शेवटी दाढेवर बहुतेक वेळा टोपी, म्हणजे कॅप बसवतात.

हे काम कधी एका खेपेत उरकतं, कधी दोन-तीन खेपा लागतात. पहिल्याच खेपेला कळ थांबते, वर तात्पुरतं सिमेंट भरलेलं असतं, आणि पुष्कळ जणी दुसऱ्या खेपेला जातच नाहीत! ते सिमेंट झिजतं, लाळेबरोबर जंतू पुन्हा आत शिरतात. काहीजणी नळ्या भरून घेतात पण कॅपचा खर्च टाळतात. पोकळ झालेली दाढ मग भाकरीच्या कडक पापुद्र्याने किंवा भाजलेल्या शेंगदाण्याने उभी चिरते. चीर मुळापर्यंत गेली की ती काढण्यावाचून गत्यंतर नाही.

याला निव्वळ आळस म्हणून मोकळं होता येणार नाही. कांदा काढणीच्या दिवसांत एक खेप म्हणजे एका दिवसाची मजुरी. कोणाची रांजणगावच्या कंपनीतली पाळी, कोणाच्या घरी रेल्वेची वेळीअवेळीची ड्यूटी. वाडीवरून यायचं तर एसटीचं तिकीट आणि सोबतीला माणूस. म्हणूनच पहिल्या दिवशीच चार प्रश्न विचारून घ्या. एकूण खेपा किती? सगळा खर्च किती, आणि त्यात कॅप धरली आहे का? पैसे हप्त्याने चालतील का? रूट कॅनालचे तज्ज्ञ बाहेरगावाहून ठरलेल्या वारीच येतात का? विचारायला संकोच कसला? साडी घेताना आपण दहा प्रश्न विचारतोच की! दंतवैद्याची पदवी आणि नोंदणीही पाहून घ्यावी. सरकारी रुग्णालयात दाताच्या कोणत्या सोयी आहेत याचीही आधी चौकशी करावी.

प्रत्येक दात वाचवायचा का?

नाही. मुळापासून हलणारा, हिरडीखाली चिरलेला दात किंवा वाकडी आलेली अक्कलदाढ काढणंच श्रेयस्कर. पण चावायची दाढ काढण्याआधी “ही वाचेल का?” एवढं जरूर विचारा. ती गेली की शेजारचे दात रिकाम्या जागेकडे कलतात, समोरचा लांबतो आणि आपण एकाच बाजूने चावू लागतो. काढणं त्या दिवशी स्वस्त पडतं, पण पुढे नवा दात बसवायचा म्हटलं की हिशेब फिरतो.

सहाव्या वर्षाची दाढ

शाळेत शिकवते म्हणून हे आवर्जून सांगते. साधारण सहाव्या वर्षी, दुधाच्या दाढांच्या मागे, कायमची पहिली दाढ येते. तिच्यासाठी एकही दात पडत नाही, म्हणून आयांना वाटतं ही दुधाचीच, किडली तरी पडेल आणि नवी येईल. ती येत नाही! चौथी-पाचवीतली मुलं गालाला हात लावून बसतात तेव्हा तोंडात जरूर डोकावून पाहा. वेळीच खड्डा भरला तर रूट कॅनालची पाळीच येणार नाही.

घरी काय करावं, काय टाळावं

लवंग किंवा कापसाला लावलेला लवंगतेलाचा थेंब तात्पुरता उतार देतो, तो फक्त दवाखान्यात पोचेपर्यंतचा. दुखऱ्या दाताला मिसरी चोळणं मात्र कटाक्षाने टाळा. ती भाजलेली तंबाखूच असते, तिने दात बरा होत नाही, व्यसन लागतं आणि तोंडाच्या कर्करोगाला आमंत्रण मिळतं. वेदनाशामक गोळी चघळून हिरडीशी धरू नये, कातडी भाजते. सुजेवर गरम शेक नको. दुकानातून आणलेल्या अँटिबायोटिकने सूज उतरली तरी मेलेल्या गरातले जंतू जात नाहीत.

सूज जबड्याखाली पसरली, ताप आला, तोंड उघडेना, गिळताना किंवा श्वास घेताना त्रास झाला, तर रात्र असो की सणवार, ताबडतोब मोठं रुग्णालय गाठा. गर्भारपण असेल तर डॉक्टरांना आधी सांगा, पण त्या नावाखाली ठणका सोसत बसू नका. मधुमेहाचीही माहिती द्या.

आमचा भाग उसाचा, दौंड तालुक्यात तर गुऱ्हाळांचा घमघमाट. गोड सोडा असं कोण म्हणेल? पण दिवसभर थोडंथोडं खाण्यापेक्षा जेवणाबरोबर एकदाच खावं, आणि रात्री झोपताना फ्लोराइडच्या पेस्टने दात घासल्यावर तोंडात पाण्याशिवाय काही घालू नये.

आणि हो, उपचार सुरू केलाच असेल, तर पुढच्या खेपेची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर, दुधाच्या खाड्यांशेजारी लिहून ठेवा. कळ थांबलेली असली तरी त्या दिवशी जाच.