आंतरविद्यापीठ महिला बास्केटबॉल स्पर्धा

आंतरविद्यापीठ महिला बास्केटबॉल स्पर्धा ही भारतातील विद्यापीठांच्या महिला संघांसाठी घेतली जाणारी वार्षिक अजिंक्यपद स्पर्धा आहे. ती १९२५ मध्ये स्थापन झालेल्या असोसिएशन ऑफ इंडियन युनिव्हर्सिटीज या संस्थेच्या वतीने भरविली जाते. प्रत्यक्ष आयोजन यजमान विद्यापीठाकडे असते. या स्पर्धेत महाविद्यालय नव्हे, तर विद्यापीठ हा घटक मानला जातो.

पार्श्वभूमी

बास्केटबॉलचा शोध जेम्स नेस्मिथ यांनी १८९१ मध्ये अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे लावला. पुढच्याच वर्षी सेंडा बेरेन्सन यांनी अमेरिकेतीलच स्मिथ या महिला महाविद्यालयात हा खेळ सुरू केला. मुलींना फार धावपळ झेपणार नाही, या तत्कालीन समजुतीमुळे मैदानाचे तीन भाग पाडण्यात आले आणि खेळाडूने आपला भाग सोडू नये, असा नियम केला गेला. आज महिला व पुरुष यांचे नियम जवळजवळ समान आहेत. सामना प्रत्येकी १० मिनिटांच्या चार सत्रांत होतो आणि बास्केटची कडी ३.०५ मीटर उंचीवर असते. महिलांसाठी मात्र ६ क्रमांकाचा, म्हणजे पुरुषांच्या ७ क्रमांकाच्या चेंडूपेक्षा किंचित लहान, चेंडू वापरतात.

महाविद्यालय ते विद्यापीठ

स्पर्धेची रचना पुण्याच्या उदाहरणावरून समजून घेता येते. सदाशिव पेठेतील सर परशुरामभाऊ महाविद्यालय १९१६ मध्ये न्यू पूना कॉलेज या नावाने सुरू झाले. ते सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न आहे. अशा संलग्न महाविद्यालयांचे संघ प्रथम आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत खेळतात. विद्यापीठाचे क्षेत्र पुणे, अहिल्यानगर व नाशिक या जिल्ह्यांत असल्याने पुणे शहर, पुणे जिल्हा, अहिल्यानगर व नाशिक अशा विभागवार फेऱ्या होतात आणि त्यांतील निवडक खेळाडू आंतरविभागीय स्पर्धेत उतरतात. अखेरीस १२ खेळाडूंचा विद्यापीठ संघ निवडला जातो.

या पद्धतीचा एक परिणाम लक्षणीय आहे. आंतरमहाविद्यालयीन विजेतेपद मिळविणारे महाविद्यालय स्वतःच्या नावाने राष्ट्रीय पातळीवर जाऊ शकत नाही. परंतु पराभूत महाविद्यालयातील गुणी खेळाडूला विद्यापीठ संघात स्थान मिळू शकते. काल परस्परांविरुद्ध खेळलेल्या मुली आज एका संघात येतात. ज्या लहान महाविद्यालयाला पूर्ण संघ उभारणे कठीण जाते, तेथील विद्यार्थिनीसाठी ही वाट विशेष महत्त्वाची ठरते.

महिलांच्या उच्च शिक्षणासाठी धोंडो केशव कर्वे यांनी १९१६ मध्येच पुण्यात स्थापन केलेले, आज श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठ म्हणून ओळखले जाणारे विद्यापीठ हे स्वतंत्र विद्यापीठ आहे. त्यामुळे त्याच्या विद्यार्थिनी पुणे विद्यापीठाच्या नव्हे, तर स्वतःच्या विद्यापीठाच्या संघासाठी पात्र ठरतात.

विभागीय व अखिल भारतीय फेरी

देशातील विद्यापीठांची पूर्व, पश्चिम, उत्तर व दक्षिण अशा चार विभागांत वाटणी केलेली आहे. महाराष्ट्रातील विद्यापीठे पश्चिम विभागात मोडतात. गुजरात, गोवा, राजस्थान व मध्य प्रदेश येथील विद्यापीठेही त्याच विभागात येतात. प्रत्येक विभागातील पहिले चार, असे एकूण १६ संघ अखिल भारतीय फेरीसाठी पात्र ठरतात. २०२० पासून सुरू झालेल्या खेलो इंडिया विद्यापीठ क्रीडा स्पर्धेतही बास्केटबॉलचा समावेश असून, तेथील प्रवेश आंतरविद्यापीठ स्पर्धेतील कामगिरीवर अवलंबून असतो.

अमेरिकेतील स्पर्धेशी तुलना

अमेरिकेत प्रत्येक शिक्षणसंस्थेचा संघ स्वतःच्याच नावाने राष्ट्रीय स्पर्धेत उतरतो. तेथे शिक्षणातील लिंगभेदाला मनाई करणारा कायदा १९७२ मध्ये झाला आणि महिलांच्या खेळाला निधी व शिष्यवृत्त्या मिळू लागल्या. एनसीएए या संघटनेची महिला स्पर्धा १९८२ मध्ये सुरू झाली. आज तीत ६८ संघ असतात. २०२४ मध्ये महिलांच्या अंतिम सामन्याला पुरुषांच्या अंतिम सामन्यापेक्षा अधिक दूरचित्रवाणी प्रेक्षक लाभले.

महत्त्व

अमेरिकेत महाविद्यालयीन खेळानंतर महिलांसाठी व्यावसायिक लीगचा मार्ग खुला असतो. भारतात दीर्घकाळ ती जागा नोकरीने भरून काढली आहे. भारतीय रेल्वे खेळाडूंना नोकरी देते, आणि राष्ट्रीय महिला स्पर्धांत रेल्वेच्या संघाचे वर्चस्व राहिले आहे. महाराष्ट्र शासनाच्या सेवेतही पात्र खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. त्यामुळे पदवीबरोबर खेळही संपणार की पुढे चालू राहणार, हा प्रश्न बहुतेक विद्यार्थिनींच्या बाबतीत विद्यापीठाच्या या काही वर्षांतच निकाली निघतो.