झोप न येणे हे पाप आहे काय?



२०२२ साली आपल्या कलबुर्गी जिल्ह्यातील तुरीवर मर रोगाचा कसा घाला पडला, हे आपणांस सांगावयास नकोच. ऐन शेंगा भरण्याच्या दिवसांत उभी झाडे वाळून गेली. ज्या डाळीला २०१९ साली भौगोलिक मानांकनाचा मान मिळाला, जिच्या भरवशावर आपल्या घरची लग्ने ठरतात आणि सोसायटीचे कर्ज फिटते, ती तूर कित्येकांच्या खळ्यापर्यंत पोहोचलीच नाही. त्या हिवाळ्यात एके संध्याकाळी एक गृहस्थ माझ्याकडे आले. रविवारची मिस्सा कधी न चुकविणारे, मोजके बोलणारे. बराच वेळ टोपी हातात फिरवीत बसले आणि मग म्हणाले, "फादर, रात्र रात्र डोळ्याला डोळा लागत नाही. झोप न येणे हे पाप आहे काय? देवावरचा विश्वास कमी पडला म्हणूनच असे होते ना?"

मी काय उत्तर दिले ते लिहिताना आजही मान खाली जाते. डोंगरावरील प्रवचनातील पाखरांचा आणि रानफुलांचा दाखला मी दिला, प्रार्थना वाढविण्यास सांगितले, आशीर्वाद दिला आणि त्यांना वाटेस लावले. शब्द खोटे नव्हते. परंतु त्या बिचाऱ्यांनी त्यांचा अर्थ एवढाच घेतला की, माझी चिंता हाच माझ्या अश्रद्धेचा पुरावा. चिंतेचे ओझे घेऊन आलेल्या माणसाच्या डोक्यावर मी अपराधाचेही ओझे ठेवले. त्यानंतर ते मिस्सेला दिसले नाहीत, आणि मीही चौकशी केली नाही.

प्रभूचे ते प्रवचन ऐकणारे लोक पोट भरलेले नव्हते. गालीलातील कोळी, शेतकरी, रोजंदारीवर राबणारे असे ते श्रोते. उद्याची चिंता करू नका, असे त्यांना सांगताना प्रभूने दुःख नाहीच असे म्हटले नाही. उलट प्रत्येक दिवसाला त्याचे त्याचे दुःख असते, हे त्याने स्वच्छ मान्य केले. आणि पुढे जेव्हा त्याची स्वतःची घटका आली, तेव्हा काय झाले? गेथशेमाने बागेत तो व्याकूळ झाला. त्याचा घाम रक्ताच्या थेंबांसारखा भूमीवर पडला, असे संत लूक लिहितो. त्या रात्री त्याने पेत्र, याकोब आणि योहान यांना सोबत नेले, आपला जीव किती कष्टी झाला आहे हे त्यांना उघड सांगितले आणि माझ्यासंगे जागे राहा अशी विनंती केली. देवाच्या पुत्राला सोबत हवीशी वाटली! पित्याजवळ त्याने तीच प्रार्थना पुनःपुन्हा केली, आणि मधूनमधून उठून तो मित्रांकडे येत राहिला. ते झोपले होते. मी त्या तिघांना पूर्वी फार नावे ठेवीत असे. हल्ली ठेवीत नाही.

चिंतेने ग्रासलेला मनुष्य भक्तीत उणा असतो, ही समजूत संतांच्या चरित्रांपुढेही टिकत नाही. संत इग्नेशियस लोयोला १५२२ साली मान्रेसा येथे राहत असताना, आपली पापे पापनिवेदनात पुरती सांगितली गेली नाहीत की काय, या शंकेने इतके पोखरले गेले की जीव देण्याचा मोह त्यांना वारंवार होऊ लागला. देव शांती देईपर्यंत अन्नपाणी घ्यावयाचे नाही असे ठरवून त्यांनी आठवडाभर कडक उपास केला. उपास मोडावयास लावला तो त्यांच्या पापनिवेदन ऐकणाऱ्या धर्मगुरूने. येशूसंघाचा भावी संस्थापक त्या वेळी दुसऱ्याचे ऐकून जेवला. व्याधी लगेच गेली नाही. दोन दिवसांनी पुन्हा उलटली. परंतु त्यातून ते हळूहळू बाहेर आले. संत फ्रान्सिस डी सेल्स यांनी १६०९ च्या आपल्या प्रसिद्ध ग्रंथात जाळ्यात सापडलेल्या पाखराचा दृष्टांत दिला आहे: ते जितके फडफडते तितके अधिक गुरफटते. त्यांचा उपाय साधा होता. मनातली घालमेल आपल्या आध्यात्मिक मार्गदर्शकापाशी, तो नसेल तर विश्वासू मित्रापाशी, बोलून टाकावी.

हे वाचताना मला माझ्या बालपणीचे अंगण आठवते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा मी सातवीत होतो. आदल्या रात्रीच गणपतींचे विसर्जन झाले होते. तिकडे लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे १०,००० माणसे दगडमातीच्या भिंतींखाली आणि माळवदांखाली गाडली गेली. आमच्या बसवकल्याण तालुक्यातही धरणी हादरली. त्यानंतर कित्येक आठवडे आमच्या गल्लीत कोणी छपराखाली निजेना. आमच्या बाजा, शेजारच्या लिंगायत कुटुंबाच्या बाजा, पलीकडच्या मुसलमान म्हातारीची चटई, सारे एका अंगणात. आई जपमाळ म्हणे, शेजारची अव्वा आपल्या देवाचे नाव घेई, आणि जरा भांडे वाजले की सगळे एकदम उठून बसत व मग हसू लागत. भीती फार मोठी होती, परंतु ती सर्वांची होती. सावकाराच्या हप्त्याची भीती मात्र माणूस दाराला कडी लावून एकटाच भोगतो. ती अंगणात आणावयाची आपणांस लाज वाटते.

असो. त्या गृहस्थांची पत्नी उपवासकाळातील एका शुक्रवारी, क्रुसाची वाट संपल्यावर, मागे थांबली. नवरा जेवत नाही, बोलत नाही, आणि फवारणीच्या औषधाची बाटली तिने स्वतःच उचलून शेजाऱ्याच्या घरी नेऊन ठेवली आहे, असे तिने सांगितले. ती बाई माझ्याहून शहाणी निघाली. त्याच रात्री मी त्यांच्या घरी गेलो, आधी क्षमा मागितली, आणि या वेळी बहुतेक वेळ ऐकतच बसलो. सकाळी शेजारचा अण्णा आणि मी त्यांना जिल्हा रुग्णालयातील मानसोपचारतज्ज्ञांकडे घेऊन गेलो. "वेड्यांच्या डॉक्टरकडे नेता काय?" असे ते म्हणालेच. परंतु ताप आला तर आपण डॉक्टरकडे जातो आणि घरी जपमाळही म्हणतो. तेथे श्रद्धा आड येत नाही. १९८० च्या दशकात बेंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने आपल्याच राज्यातील बळ्ळारी जिल्ह्यात, गावच्या आरोग्यकेंद्रात असे उपचार मिळावेत म्हणून प्रयोग केला, आणि त्याच धर्तीवर १९९६ साली देशाचा जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू झाला. औषधाचा गुण दिसावयास दोनतीन आठवडे लागतात. आठ दिवसांत उतार नाही म्हणून ते टाकू नये, आणि बरे वाटू लागताच आपल्या मनाने सोडूही नये. रात्री-अपरात्री मन फारच घाबरे झाले तर १४४१६ या सरकारी क्रमांकावर मराठीत किंवा कन्नडमध्ये बोलता येते. त्यास पैसे पडत नाहीत.

आणखी एक गोष्ट, जी लोक मला कुजबुजत विचारतात. ज्या घरी असे दुःख घडून गेले आहे, त्या घराकडे पाठ फिरवू नका. स्वतःचा जीव घेणे हे गंभीर पाप आहे, ही शिकवण कायम आहे. १९१७ च्या धर्मविधीसंहितेत अशा मृतास ख्रिस्ती दफन नाकारलेले होते. १९८३ च्या संहितेत तो निर्बंध ठेवलेला नाही. तीव्र मानसिक पीडेने माणसाची जबाबदारी कमी होऊ शकते, आणि त्याच्या तारणाची आशा सोडू नये, असे १९९२ चा धर्मशिक्षणग्रंथ स्पष्ट सांगतो. त्या विधवेच्या ओसरीवर जाऊन बसा.

ते गृहस्थ आता मिस्सेला येतात. झोप अजून सगळ्याच रात्री लागत नाही, असे ते सांगतात. न लागेल त्या रात्री बायकोला हाक मारतात, आणि दोघे अंगणात येऊन बसतात. कर्जही पुरते फिटलेले नाही. औषधाची बाटली अद्याप शेजाऱ्याच्याच घरी असते. फवारणीच्या दिवशी अण्णा ती घेऊन येतो, आणि दोघे मिळून तुरीत उतरतात.