चंद्रावर कुणाची सावली पडते?

गेल्या माघ पौर्णिमेची गोष्ट. वस्तीतल्या विहारात वंदना झाली, खीरदान झाले, महिला मंडळाच्या भगिनी पांढऱ्या साड्यांत ओट्यावर बसल्या होत्या. समोर पूर्वेला चंद्र चांगला वर आला होता. सहावी ते आठवीची पंधरा-वीस पोरे अंगणात हुंदडत होती. आम्ही त्यांना जवळ बोलावले आणि सहज विचारले, "हा चंद्र उद्यापासून कमी कमी का होत जाणार?" पटापट हात वर झाले. उत्तर एकच, "सर, त्याच्यावर पृथ्वीची सावली पडते." आठवीतला एक हुशार मुलगा तर आकृती काढायलाही तयार होता. मग आम्ही मोठ्यांकडे वळलो. बँकेत नोकरी करणारे, शिक्षक, पदवीधर. त्यांचेही उत्तर तेच.

उत्तर चुकीचे आहे. चंद्राच्या कलांशी पृथ्वीच्या सावलीचा काडीचा संबंध नाही. सावली पडते ती फक्त चंद्रग्रहणात, तीही काही तासांपुरती.

यात आपल्या पोरांना ढ ठरवण्याचे कारण नाही. १९८७ साली अमेरिकेत 'ए प्रायव्हेट युनिव्हर्स' नावाची एक चित्रफीत निघाली. हार्वर्ड विद्यापीठाचे नवे पदवीधर, माजी विद्यार्थी आणि प्राध्यापक यांना ऋतू कशामुळे होतात किंवा चंद्राच्या कला कशामुळे होतात एवढेच विचारले होते. २३ पैकी २१ जणांना नीट सांगता आले नाही. "यांच्या डोक्यात विज्ञान शिरत नाही" असे आपल्या मुलांविषयी शिक्षकांच्या खोलीत बोलले जाते, तेव्हा हा आकडा ध्यानात असू द्यावा. शिरत नाही, कारण शिकवणेच फळ्यावरच्या आकृतीपाशी संपते. पुस्तकातल्या आकृतीत पृथ्वी आणि चंद्र चार बोटांच्या अंतरावर असतात. इतक्या जवळ असल्यावर सावली पडणारच, असे कुठल्याही शहाण्या मुलाला वाटेल.

म्हणून आम्ही आधी अंतरापासून सुरुवात केली. टेबल टेनिसचा चेंडू म्हणजे चंद्र, सुमारे चार सेंटीमीटरचा. त्या मापाने पृथ्वी पंधरा सेंटीमीटरचा रबरी चेंडू. आता चंद्र पृथ्वीपासून किती लांब धरायचा? कुणी वीतभर म्हणाले, कुणी हातभर. आम्ही दोरी मोजली आणि पोराला चालायला लावले. तो साडेचार मीटरवर, विहाराच्या पायरीपाशी जाऊन थांबला. खरे अंतर सरासरी ३ लाख ८४ हजार किलोमीटर. पोरे गप्प झाली. एवढ्या लांबच्या त्या इवल्या चेंडूवर महिन्यातले पंचवीस-सव्वीस दिवस सावली कशी पडत राहील, ही शंका त्यांनीच काढली. आम्हाला तेच हवे होते.

पुढचा भाग आठ दिवसांनी, माघ वद्य अष्टमीला, शाळा भरण्याआधी. दिवसा चंद्र दिसतो हेच अर्ध्या पोरांना ठाऊक नव्हते. सकाळी आठला सूर्य पूर्वेला आणि अर्धा चंद्र पश्चिमेकडच्या आकाशात. एका मुलीला सांगितले, सायकलच्या तारेवर खोवलेला हा पांढरा चेंडू चंद्राच्या दिशेने धर, ऊन त्याच्यावर पडू दे आणि एक डोळा मिटून बघ. तिने बघितले आणि ओरडली, "सर, चेंडू पण अर्धाच!" वर चंद्र अर्धा, हातातला चेंडू अर्धा, आणि दोघांची उजेडाची बाजू सूर्याकडे. प्रत्येकाला चेंडू हातात धरून बघायचा होता, नंबर लावावे लागले. या प्रयोगाला खर्च पाच-दहा रुपये. प्रयोगशाळा लागत नाही, वीज लागत नाही.

मग त्याच रात्री विहारात दिवे घालवून एकच उघडा बल्ब लावला. बल्ब हा सूर्य, ज्याच्या हातात चेंडू त्याचे डोके ही पृथ्वी. चेंडू डोक्यापेक्षा थोडा वर धरायचा. बल्बकडे तोंड केले की चेंडूची आपल्याकडची बाजू काळी, ती अमावास्या. डाव्या हाताकडे पाव फेरी वळले की चेंडूचा उजवा अर्धा भाग उजळतो, ती शुद्ध अष्टमी. बल्बकडे पाठ केली की पूर्ण चेंडू उजळलेला, ती पौर्णिमा. आणखी पाव फेरी, वद्य अष्टमी. चेंडूचा अर्धा भाग सतत उजेडात आहे आणि अर्धा सतत अंधारात, आपण कुठून बघतो त्याप्रमाणे त्यातला कमी-जास्त उजेड दिसतो. चंद्र पृथ्वीभोवती साधारण सव्वासत्तावीस दिवसांत फिरतो, पण तोवर पृथ्वीही सूर्याभोवती पुढे सरकलेली असते, म्हणून एका पौर्णिमेपासून दुसऱ्या पौर्णिमेला साडेएकोणतीस दिवस लागतात.

एकाने चेंडू खाली धरला आणि त्याच्या डोक्याची सावली चेंडूवर पडली. "हे काय झालं?" हे ग्रहण. मग दर पौर्णिमेला का होत नाही? चंद्राची वाट सुमारे पाच अंशांनी कललेली आहे. आपल्या साडेचार मीटरच्या दोरीवर हा फरक चाळीस सेंटीमीटरपर्यंत जातो, आणि तिथे पृथ्वीच्या सावलीची रुंदी जेमतेम अकरा सेंटीमीटर. बहुतेक पौर्णिमांना चंद्र सावलीच्या वरून किंवा खालून निघून जातो.

ग्रहणाचा शब्द निघाला आणि कोपऱ्यातल्या एका आजीने तोंड उघडले. "गिरान सुटलं का माझी आय टोपली घिऊन निघायची. मी मागं मागं. 'दे दान सुटे गिरान' आसं वरडायचं. वरून फाटकं जुनेरं टाकायचे, शिळं टाकायचे." पोरांना काही कळेना. ग्रहणाशी आणि टोपलीशी काय संबंध?

संबंध आहे आणि तो मुलांना सांगितलाच पाहिजे. राहू-केतू हे महार-मांग जातीचे, ते सूर्य-चंद्राला धरतात, त्यांच्या भाईबंदांना दान दिले की सोडतात, अशी ती समजूत. म्हणजे आकाशात जे काळे दिसेल त्याचा दोष आमच्या माथी आणि वरून आम्हीच टोपली पुढे करायची. सावलीचे आणि आमचे नाते तसेही जुने. पेशवाईच्या पुण्यात दुपारी तीननंतर आणि सकाळी नऊच्या आधी महार-मांगांना वेशीच्या आत मज्जाव होता, कारण त्या वेळी सावल्या लांब पडतात आणि सवर्णाच्या अंगावर पडल्या तर विटाळ होतो, अशी नोंद आहे. त्या सावलीचे गणित त्यांना बरोबर येत होते.

बरे, खरे काय ते कुणाला ठाऊक नव्हते असेही नाही. आर्यभटाने इ.स. ४९९ च्या सुमारास लिहून ठेवले की पृथ्वी आणि ग्रह यांचा अर्धा भाग त्यांच्या स्वतःच्या छायेने काळा असतो आणि सूर्याकडचा अर्धा उजळतो, आणि ग्रहण हा सावलीचा खेळ आहे. पुढे ब्रह्मगुप्ताला ग्रहणाचे गणित उत्तम येत असूनही त्याने राहू नाकारणाऱ्यांनाच श्रुती-स्मृतीविरोधी म्हणून दोष दिला. १०३० च्या सुमारास अल्बेरुनीने नेमके यावरच बोट ठेवले. ज्ञान पोथीत राहिले, गावात टोपली राहिली.

राहू आपल्या पाली साहित्यातही आहे, हे दडवून चालणार नाही. संयुत्त निकायातल्या चंदिम सुत्तात राहू चंद्राला धरतो आणि भगवंतांच्या सांगण्यावरून सोडतो. ती त्या काळची कथा आहे, खगोलशास्त्राचा पाठ नव्हे. दुसऱ्यांच्या पोथीला एक मोजपट्टी आणि आपल्या ग्रंथाला दुसरी, असे केले तर मुले आपल्यालाही ओळखून असतील. धम्माला आपण रोजच्या वंदनेत एहिपस्सिको म्हणतो, ये आणि पाहा. चेंडू हातात देणे त्यातच बसते.

आमची तक्रार आपल्याच माणसांकडेही आहे. ७ सप्टेंबर २०२५ च्या रात्री खग्रास चंद्रग्रहण होते, ब्याऐंशी मिनिटे चंद्र तांबूस दिसणार होता. आमच्या वस्तीत त्या रात्री किती घरांत पाण्याच्या भांड्यावर पान ठेवले गेले आणि किती गरोदर लेकींना सुरी हातात धरू दिली नाही, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले. भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर, बावीस प्रतिज्ञांची चौकट आणि खाली झाकलेला माठ! संविधानाच्या कलम ५१-क मध्ये १९७६ साली वैज्ञानिक दृष्टिकोन जोपासण्याचे कर्तव्य आले, ते भाषणात ऐकवायला आपल्याला आवडते.

विहार समित्यांना आमची विनंती साधी आहे. पौर्णिमेला मुले आपोआप येतात, तेव्हा अर्धा तास त्यांना द्या. एका पौर्णिमेपासून दुसरीपर्यंत प्रत्येकाने वहीत रोज तीन गोष्टी लिहायच्या: किती वाजता पाहिला, कुठल्या दिशेला होता, आकार कसा होता. पावसाळ्यात सुरू करू नका, ढगांमुळे वह्या कोऱ्या राहतात. कार्तिक ते फाल्गुन आकाश मोकळे असते. रोज चंद्र सरासरी पन्नास मिनिटे उशिरा उगवतो, हे मुले स्वतःच पंधरा दिवसांत काढतात. आमच्याकडच्या एका वहीत अमावास्येला लिहिले होते, "चंद्र दिसला नाही. उजेडाची बाजू पलीकडे आहे." दुसऱ्या वहीत सलग चार दिवस "झोपलो होतो" असे लिहिले होते, तेही आम्ही चालवून घेतले.

त्या आठवीतल्या मुलाने आता नवाच प्रश्न काढला आहे. चंद्र फिरतो तर त्याचे डाग नेहमी तेच कसे दिसतात, मागची बाजू कधीच का दिसत नाही? आम्ही उत्तर दिले नाही. चेंडूवर काळा ठिपका काढून तो पुढच्या पौर्णिमेला घेऊन येणार आहे.