तापलेल्या डिस्कची सत्तर वर्षं

1953 च्या जूनमध्ये ल मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीत जॅग्वारची सी-टाइप पहिली आली. टोनी रोल्ट आणि डंकन हॅमिल्टन यांनी ताशी 170 किलोमीटरची सरासरी गाठली. ताशी शंभर मैलांची रेघ तिथे प्रथमच ओलांडली गेली. माझ्या मते या विजयाचं श्रेय इंजिनाइतकंच डनलॉपच्या डिस्क ब्रेकला जातं. मुल्सानच्या सुमारे सहा किलोमीटरच्या सरळ रस्त्याअखेर ड्रम ब्रेकवाल्यांना ब्रेक लवकर धरावा लागे, आणि शर्यत लांबेल तसा आणखी लवकर. बंद ड्रममधली उष्णता जाणार कुठे? डिस्क मात्र उघड्या वाऱ्यात फिरते.

कल्पना तशी जुनीच. फ्रेडरिक लँचेस्टरनं तिचं पेटंट 1902 मध्येच घेतलं होतं, पण तांब्याचं अस्तर असं किंचाळे की गाडीत बसवेना. पन्नास वर्षं ती गाड्यांमध्ये फारशी रुजली नाही. सी-टाइपच्या यशानंतरही सगळ्यांचे डोळे उघडले असं नाही. 1955 मध्ये मर्सिडीजनं ल मान्ससाठी 300 एसएलआरला ड्रमच ठेवले आणि चालकाच्या मागे वाऱ्याला अडवणारं मोठं झाकण बसवलं. फेरारीची फॉर्म्युला वनमधली ड्रमनिष्ठा तर 1958 पर्यंत टिकली.

जॅग्वार एक्सके 150 ला 1957 मध्ये चारही चाकांना डिस्क मिळाल्या आणि रस्त्यावरच्या स्पोर्ट्स कारचा प्रश्न सुटल्यासारखा वाटला. तो सुटला नव्हता, याचा पुरावा पोर्शेच्या 1978 च्या 911 टर्बोत सापडतो. या गाडीचे ब्रेक थेट 917 या शर्यतीच्या गाडीवरून घेतलेले: चार पिस्टनचे कॅलिपर, आतून हवा खेळवणाऱ्या डिस्क आणि त्यांना पाडलेली छिद्रं. छिद्रांमुळे पाण्याला आणि पॅडमधून निघणाऱ्या वायूला वाट मिळे. पुढे पॅड सुधारले, वायूचा त्रास कमी झाला, पण छिद्रं राहिली, कारण ती देखणी दिसतात. ट्रॅकवर मात्र तडे नेमके तिथूनच सुरू होतात. म्हणून नियमित ट्रॅकवर जाणारे बरेचजण साध्या किंवा चरे पाडलेल्या डिस्क पसंत करतात.

नव्वदच्या दशकात ब्रिटनमध्ये ट्रॅक डे फोफावले. शर्यत नाही, शर्यतीच्या लायसन्सची कटकट नाही. पैसे भरा आणि आपली रोजची गाडी सर्किटवर पळवा. खरी परीक्षा इथे झाली. 1,400 किलोची गाडी ताशी 200 वरून 80 वर आणायची तर साडेतीन-चार सेकंदांत सुमारे 18 लाख ज्यूल ऊर्जा डिस्कमध्ये ओतली जाते. तेवढ्या ऊर्जेत नळाचं पाच लिटर पाणी उकळीला येईल. आणि हे एकाच वळणाला. पुढचं वळण लगेच येतं.

अशा वेळी आधी हार मानतं ते बहुतेकदा ब्रेक ऑइल. डॉट 4 चं ताजं ऑइल किमान 230 अंशांपर्यंत उकळायला नको, हा नियम. पण ते हवेतली ओल शोषतं आणि मग हीच मर्यादा 155 पर्यंत उतरते. वाफ झाली की पेडल सरळ खाली जातं. साधे पॅडही त्याच सुमाराला पकड सोडतात. म्हणजे ताजं उच्च दर्जाचं ऑइल, ट्रॅकचे पॅड आणि डिस्कपर्यंत हवा नेणारा पाइप, एवढ्यावर बहुतेकांचं भागतं. हौशी माणूस मात्र आधी सहा पिस्टनचा लाल कॅलिपर घेतो. तो अलॉय व्हीलमधून दिसतो, ऑइल दिसत नाही!

आपल्याकडे ही कॅलिपरची हौस दुचाकीवरून आली. 2012 मध्ये चाकणला बनलेली केटीएम ड्यूक 200 आली, तिला ब्रेम्बोच्याच बायब्रे नावाचे ब्रेक होते. त्याआधी काही महिने, 2011 मध्ये, ती हौस आजमावायला बुद्ध सर्किटसारखा ट्रॅकही उघडला होता.

लोखंडाला पर्याय शोधण्याची धडपडही चालूच होती. लोटसनं 1996 च्या पहिल्या एलिसला अॅल्युमिनियम संमिश्राच्या डिस्क दिल्या आणि दोन-तीन वर्षांत पुन्हा बीड लोखंड गाठलं. पोर्शेनं 2001 च्या 911 जीटी2 मध्ये कार्बन-सिरॅमिक डिस्क आणल्या. वजन जवळपास निम्मं, रोजच्या वापरात झीज नगण्य. पण सततच्या ट्रॅकवर त्यांतला कार्बन जळत जातो आणि नव्या जोडीची किंमत ऐकून घाम फुटतो. त्यामुळे अशा गाड्या घेऊन ट्रॅकसाठी मुद्दाम लोखंडी डिस्क बसवणारे मालक आहेत, आणि मला ते वेडे वाटत नाहीत.

या सगळ्या सुधारणांमध्ये एक हिशेब मात्र उलटा चालला आहे. पहिली एलिस जेमतेम 725 किलोची होती. 2024 ची बीएमडब्ल्यू एम5 सुमारे 2,400 किलो भरते. दोन्ही ताशी 200 वर असताना एम5 च्या ब्रेकना एलिसच्या तिपटीहून अधिक ऊर्जा गिळावी लागते, आणि सत्तर वर्षांची बरीचशी कमाई त्यातच खर्ची पडते.