एनब्लेंडचा कोणता बिल्ड तुमच्यासाठी?

गडावरून मोबाईलने ओळीने आठ-दहा फोटो काढले आणि घरी येऊन जोडले, की जोडाच्या रेषा दिसतात ना? एका फोटोत आभाळ उजळ, शेजारच्यात काळपट. या रेषा घालवणारं मोफत, ओपन सोर्स सॉफ्टवेअर म्हणजे एनब्लेंड. ते कॉम्प्युटरवर चालतं आणि बहुतेक जण ते ह्युजिनसोबत वापरतात.

पण त्याचे बिल्ड अनेक. कोड तोच, फक्त बिल्ड करताना कोणत्या सोयी चालू ठेवल्या, एवढाच फरक.

३२-बिट की ६४-बिट? ३२-बिट प्रोग्रॅमला ४ जीबीपेक्षा जास्त मेमरी वापरताच येत नाही. सिस्टीम ६४-बिट असेल तर ६४-बिटच घ्या.

ओपनएमपी: प्रोसेसरचे सगळे कोर कामाला लागतात. काम पटकन होतं, पण रॅम भरपूर हवी.

इमेज कॅश (४.० आवृत्तीत): रॅम अपुरी पडली की फोटोचा काही भाग डिस्कवर ठेवला जातो. काम हळू होतं, पण पूर्ण होतं.

४.० आवृत्तीत या शेवटच्या दोन सोयी एकाच बिल्डमध्ये मिळत नाहीत. म्हणून जुन्या, कमी रॅमच्या लॅपटॉपवर ‘फास्ट’वाला बिल्ड टाकलात, तर मोठा पॅनोरमा मध्येच मेमरी संपून अडकू शकतो.

तुमच्याकडे कोणता आहे? कमांड विंडोत एनब्लेंडचं नाव टाइप करून पुढे दोन-दोन डॅश लावून व्हर्जन आणि व्हर्बोज लिहा (सगळं इंग्रजीत). चालू सोयींची यादी समोर येईल. आधी ती बघा, मगच फोटो जोडायला बसा!