आधी स्क्रीनवर पडू द्या!

आरसी विमान घेताय? आधी रिमोट घ्या, विमान नंतर. हल्लीचे बरेच रिमोट यूएसबी केबलने कॉम्प्युटरला जोडले की थेट जॉयस्टिक म्हणून चालतात. गेमपॅडवर शिकण्यात अर्थ नाही; बोटांना सवय खऱ्या स्टिकचीच लागायला हवी. मग कॉम्प्युटरवर सिम्युलेटर टाका: विमानासाठी पिकासिम, जो फुकट आहे; एफपीव्ही, म्हणजे ड्रोनवरच्या कॅमेऱ्यातून बघत उडवायच्या ड्रोनसाठी लिफ्टऑफ किंवा वेलोसीड्रोन, पण हे दोन्ही विकतचे.

सगळ्यांची दांडी उडते ती एकाच ठिकाणी. विमान आपल्याकडे तोंड करून येऊ लागलं की डावं-उजवं उलटं होतं. अशा वेळी विचार करत बसू नका. जो पंख खाली झुकलेला दिसतो, त्याच बाजूला स्टिक ढकला. जणू टेकू देताय! विमान सरळ होतं. हे हातात बसेपर्यंत इंग्रजी आठचे आकडे काढत राहा. कलाबाजी नंतर.

ड्रोनवाल्यांनी अ‍ॅक्रो मोडमध्येच सराव करावा, असं माझं ठाम मत. त्यात स्टिक सोडली तरी ड्रोन आपोआप सपाट होत नाही, म्हणून हात लवकर तयार होतो.

वाऱ्याचा झोत आणि छातीतली धडधड मात्र मैदानावरच कळते. आणि हो, २५० ग्रॅमपर्यंतच्या नॅनो ड्रोनला पायलट प्रमाणपत्र लागत नसलं, तरी उडवण्याआधी भारत सरकारच्या डिजिटल स्काय पोर्टलच्या नकाशावर आपली जागा रेड झोनमध्ये, म्हणजे परवानगीशिवाय उडवायला बंदी असलेल्या भागात नाही ना, हे बघाच.