रशियन वर्णमालेतील मुकी अक्षरे

रशियन वर्णमालेत ३३ अक्षरे आहेत. त्यांपैकी १० स्वरांची व २१ व्यंजनांची. उरलेल्या दोन अक्षरांना मात्र स्वतःचा उच्चारच नाही. एक ‘म्याख्की ज्नाक’ म्हणजे मृदुचिन्ह, दुसरे ‘त्व्योर्दी ज्नाक’ म्हणजे कठोरचिन्ह. ऐकू येत नाहीत म्हणून नवशिका ती लिहिताना गाळतो आणि तेथेच अर्थाचा अनर्थ होतो.

मृदुचिन्ह आधीच्या व्यंजनाला तालव्य करते. ते उच्चारताना जिभेचा मध्यभाग टाळूकडे उचलला जातो. ‘ब्रात’ म्हणजे भाऊ. त्याच शब्दाच्या शेवटी मृदुचिन्ह आले, की अर्थ होतो ‘घेणे’. ‘ऊगल’ म्हणजे कोपरा. मृदुचिन्ह जोडताच त्याचा कोळसा होतो! मराठी कानाला असा भेद अगदीच परका नाही. ‘जग’ म्हणजे दुनिया आणि ‘जग’ म्हणजे जिवंत राहा, यांतील ‘ज’ निरनिराळे आहेत. मराठी लेखनात तो फरक दिसत नाही. रशियन लेखन मात्र असा भेद चिन्हाने दाखविते.

कठोरचिन्हाचे काम विभाजनाचे. व्यंजन आणि पुढील ‘य’कारयुक्त स्वर यांना ते एकमेकांत मिसळू देत नाही. ‘स्येल’ म्हणजे ‘तो बसला’. मध्ये कठोरचिन्ह घालून ‘स्‌-येल’ असे तोडून म्हटले, तर ‘त्याने खाल्ले’.

ही दोन्ही चिन्हे प्राचीन काळी अतिऱ्हस्व स्वर होती. पुढे त्यांचा उच्चार लोपला, लेखन उरले. शब्दान्ती कठोर व्यंजनापुढे कठोरचिन्ह लिहिण्याची प्रथा १९१७-१८च्या लेखनसुधारणेने मोडीत काढली. ‘कोमेरसांत’ या रशियन दैनिकाने मात्र आपल्या नावाच्या शेवटी ते जुन्या वळणाने जपले आहे.

काही व्यंजनेही प्रसंगी मुकी होतात. सूर्याला ‘सोन्त्से’ म्हणतात, पण लिहिताना त्यात ‘ल’ असतो. त्यापासून बनलेल्या ‘सोल्नेच्नी’ (सौर) या विशेषणात तो स्पष्ट ऐकू येतो. हृदयवाचक ‘सेर्त्से’तील मुका ‘द’ही ‘सेर्देच्नी’त असाच बोलू लागतो.

म्हणून नवशिक्याने प्रत्येक शब्द ऐकावा, तसाच लिहूनही पाहावा. एखाद्या व्यंजनाविषयी शंका आल्यास त्याच कुळातील दुसरा शब्द आठवावा. मृदुचिन्ह व कठोरचिन्ह मात्र शब्दाबरोबरच पाठ करावे.